सोडलेला चहा

माझी बायको रेवती चहा पिऊन गेली. हे मी दुकानात कुणाला सांगत नाही. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, मग तो ओशाळतो, आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. म्हणून 'रिॲक्शन आली' एवढंच सांगतो. आजकाल तेवढं पुरतं. घरटी एकाला तरी आलेलीच असते.

बार्शीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गाजर गवतानं माझ्या धंद्याला बरकत आणली, खोटं कशाला बोलू? आमच्या लहानपणी ते उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला असायचं. नावात गाजर आणि कामाचं काही नाही. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला. बाकी पिकांना काय झालं ते झालं, या गवताला मात्र तो मानवला. कमरेएवढं होणारं गवत डोक्याएवढं झालं, आणि त्याला पराग असा धरू लागला की भाद्रपदात दुकानाच्या काचेवर बोटानं नाव लिहावं. लोक डोळे चोळत यायचे. "नंबर वाढला का बघा." नंबर कुठला वाढतोय! डोळे टोमॅटोसारखे लाल असायचे आणि छातीत घरघर.

परागात एक प्रथिन असतं. शरीरातल्या राखणदार पेशी त्याला चोर समजतात, त्याची ओळख पक्की करून ठेवतात आणि तो पुन्हा दिसला की हल्ला करतात. हिस्टामिन सुटतं, अंगावर गांधी उठतात, श्वासाच्या नळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो. चोर किरकोळ असतो, पण त्याला पकडण्याच्या नादात घर पडतं. त्यात या राखणदारांना चोराचं फक्त नाक लक्षात राहतं, आणि चुलतभावांची नाकं सारखीच असतात. गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, बाबुना म्हणजे कॅमोमाइल, ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्याच सुमाराला शहरात फुलांचा चहा प्यायची टूम निघाली होती. दूध नको, साखर नको, गरम पाण्यात शेवंतीची नाहीतर बाबुन्याची फुलं टाकायची. तब्येतीला चांगला म्हणून लोक तो हौसेनं प्यायचे आणि गळा धरून खाली बसायचे. काही उठलेच नाहीत.

ज्या फुलाच्या चहानं माणसं पडत होती, त्याच फुलातून 'समतोल' नावाच्या कंपनीनं उपाय काढला. त्यांनी शेवंतीच्या जनुकांत बदल केला आणि तिच्या पाकळीत गाजर गवताचं ते प्रथिन मोजून मापून तयार होऊ लागलं. पहिल्या दिवशी त्या पाकळ्यांच्या अर्काचा एक थेंब. मग दोन. असं वाढवत वर्षाअखेरीस पूर्ण कप. घरच्या कुत्र्याला रोज येणारा दूधवाला ओळखीचा होतो आणि ते भुंकायचं थांबतं, तसंच हे. फक्त दूधवाल्यानं रोज यायला हवं. तो महिनाभर आला नाही आणि मग एकदम घरात शिरला, तर कुत्रं नुसतं भुंकणार नाही, चावेल. म्हणून दोन नियम होते. एक, प्यायल्यावर दोन तास धावपळ करायची नाही, कारण तापलेल्या अंगात राखणदार पुन्हा बिथरतात. दुसरा, खाडा करायचा नाही. आठवडाभर खाडा झाला तर पुन्हा एका थेंबापासून सुरुवात.

हा चहा द्यायला घरोघरी एक यंत्र आलं. अंगठा टेकवला की ते ज्याचं त्याचं माप कपात ओतायचं, वर चार पिवळ्या पाकळ्या तरंगत असायच्या. उकळलं तर प्रथिन मोडतं, म्हणून चहा कोमट. बार्शीच्या माणसाला कोमट चहा देणं म्हणजे अपमानच, पण जीव प्यारा असतो. यंत्राचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता, म्हणून आम्ही त्याला बाईच म्हणायचो. कप उचलला की बाई विचारायच्या, "आजचा चहा घेतला का?" आपण "घेतला" म्हणायचं. नाही म्हटलं, किंवा अंगठाच टेकवला नाही, तर घरच्या माणसाच्या फोनवर निरोप जायचा. तीन महिन्यांतून एकदा बाई बोटाला टोचून रक्ताचा थेंब बघायच्या. एरवी शब्दावर विश्वास.

आणि याला 'चहा' हे नाव दिलं आमच्या मुलीनं, इरानं. ती पुण्यात त्याच कंपनीत होती, जाहिराती लिहायची. कंपनीचे लोक 'मात्रा' म्हणत होते, कुणी 'काढा' सुचवला होता. इरा म्हणाली, औषध माणूस बरं वाटलं की सोडतो, चहा कोण सोडतो? आणि तिनं ओळ लिहिली, 'औषध विसरेल, चहा कसा विसरेल?' राज्यभर फलक लागले. रेवतीनं त्यातल्या एका फलकाखाली उभं राहून फोटो काढून घेतला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या इरीनं लिहिलंय ते."

श्रावणात इरा बसमागे धावली. एवढंच. सकाळी चहा प्यायली, ऑफिसला उशीर झाला होता, समोरून बस सुटताना दिसली आणि ती धावली. कोण धावत नाही? पुढच्या थांब्याच्या आत ती बसमध्येच कोसळली. लोकांनी हॉस्पिटलात नेलं तोवर मेंदूला बराच वेळ हवा मिळालेली नव्हती. आम्ही दुकानाला कुलूप घालून पुण्याला गेलो आणि तिच्या फ्लॅटवर राहिलो. तिच्याच बाईपुढं रोज अंगठे टेकवायचो आणि हॉस्पिटलात जाऊन काचेपलीकडची नळ्या लावलेली पोर बघायचो.

चौथ्या की पाचव्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात देवीच्या फोटोपुढं लाल कापडात बांधलेली सुपारी दिसली.

"नवस बोललीस?"

"होय."

"काय सोडलंस?"

"सांगायचं नसतं."

"कारलं सोडलं असशील. तसंही तू खात नाहीस."

"अहो, आवडीचं सोडायचं असतं. नावडतं घ्यायला देवी काय खुळी आहे का?" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा थोडी हसली.

दुसऱ्या दिवशी मला कोडं सुटलं. रेवतीला दुधाचा आल्याचा चहा दिवसातून चार वेळा लागायचा. माहेरी जाताना चहापूड बरोबर न्यायची, वहिनीच्या चहावर तिचा भरवसा नव्हता. त्या दिवशी मी कप पुढं केला तर तिनं हातानं नको म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, धरली चोरी! हिनं चहा सोडला. मी तोंडानं काही बोललो नाही. नवस मोडल्याचं पाप नको, आणि खरं सांगायचं तर मला तिचं कौतुक वाटलं. मी स्वतः देवाधर्माचा नाही, पण आपल्या पोरीसाठी कुणीतरी काहीतरी करतंय याचं बरं वाटत होतं. माझ्याच्यानं काही होत नव्हतं.

बाईंचा कोमट चहा मात्र ती रोज घ्यायची. मी विचारायचो, "घेतलास का?" ती म्हणायची, "घेतला." कप घेऊन बाल्कनीत जायची. "उन्हात बसते जरा." तिथं इराची कढीपत्त्याची कुंडी होती. परत यायची ती रिकामा कप घेऊन.

गणपती हॉस्पिटलात गेले. भाद्रपद संपत आला तसे रेवतीचे डोळे लाल राहू लागले. तीस वर्षं डोळे बघतोय मी. लाल डोळा कशानं लाल आहे हे दारातून येतानाच सांगतो. बायकोचे बघितले आणि म्हटलं, रडून. कोणती आई रडणार नाही? थेंब आणून घातले तिच्या डोळ्यांत. ती गुमान घालून घ्यायची.

नवरात्रात इरानं डोळे उघडले. तिनं आईला ओळखलं, मला ओळखलं, आणि पहिला शब्द बोलली तो "भूक". बोलणं अडखळत होतं, डावा पाय ओढत होता, पण पोर परत आली. डॉक्टरांनी तिचा समतोलचा चहाही पुन्हा सुरू केला, एका थेंबापासून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिला फ्लॅटवर आणलं.

त्या दिवशी रेवतीचा चेहरा मी विसरणार नाही. तिनं दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, इरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला सोफ्यावर बसवलं. सुपारीवर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग म्हणाली, "आज मी चहा पिणार. माझ्या लेकीबरोबर."

"टाकू का आलं?" मी उठलो.

"ते मागाहून. आधी इरीचा चहा." तिनं बाईपुढं अंगठा टेकवला. बाईंनी कप भरला, तिचं चार वर्षांचं माप. तिनं कपाकडं बघितलं, थोडी घुटमळली आणि अर्धा बेसिनमध्ये ओतला. "आज अर्धाच," म्हणाली. मला वाटलं, पोट भरलंय. आज कळतं, तिला नियम आठवत होता. पण थेंब आणि अर्धा कप यांत किती अंतर असतं, ते तिला माहीत नव्हतं. थेंब मागायचा तर बाईंना खरं सांगावं लागलं असतं, आणि निरोप लेकीच्या फोनवर गेला असता. त्या दिवशी तरी तिला ते नको होतं.

ती इराशेजारी बसून प्यायली. घोट घोट, डोळे मिटून.

पहिल्यांदा तिनं तळहात खाजवले. मग खाकरली. मग म्हणाली, "घशात काही अडकलंय का बघा." आवाज तिचा नव्हता, घोगरा झाला होता. मानेवर लाल गांधी चढत होत्या. मी धावत बाईपुढं गेलो. यंत्राच्या खणात ॲड्रेनालिनचं पेन असतं, मांडीत टोचायचं. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून तो खण बंद असतो आणि रिॲक्शनची खात्री झाली की बाईच उघडतात.

"रिॲक्शन आली! खण उघडा!"

"रेवतीताईंनी चहा सलग घेतलेला आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "रिॲक्शनची शक्यता फार कमी आहे. त्यांच्या छातीत दुखतंय का? डाव्या हाताला मुंग्या येतात का?"

"अहो, गांधी उठल्यात अंगावर!"

"मी रुग्णवाहिका बोलावते आहे. कृपया ताईंना हृदयविकाराची गोळी—"

मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि खण फोडायला लागलो. पत्रा जाड होता. मागून इरा ओरडत होती, तिला नीट उठताही येत नव्हतं. खण तुटला, पेन हाती आलं, मी ते रेवतीच्या मांडीत खुपसलं. तिचे ओठ सुजले होते. माझा शर्ट धरून तिनं मला कानाजवळ ओढलं.

"घेतला होता," ती म्हणाली. "प्यायला नव्हता."

नंतर ती बोलली नाही. रुग्णवाहिकेत दुसरं पेन दिलं, नळी घातली, सगळं झालं. दसऱ्याच्या खरेदीच्या गर्दीत गाडी अडकली होती. हॉस्पिटल येण्याआधीच ती गेली.

तिचं शेवटचं वाक्य इराला ऐकू गेलं नव्हतं. मी ते कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. तेराव्यानंतर समतोलकडून डॉ. पटवेकर म्हणून एक बाई भेटायला आल्या. इरा माझ्या शेजारीच बसली होती.

"काका, तुम्हाला त्रास द्यायची वेळ नाही," त्या म्हणाल्या, "पण सलग घेणाऱ्यांमधला हा पहिलाच मृत्यू आहे. याचा अर्थ, पूर्ण कपावर पोचलेलं माणूसही सुरक्षित नाही. तसं असेल तर आम्हाला सगळ्यांचाच चहा थांबवावा लागेल. आणि थांबवला तर इतक्या लोकांचं संरक्षण एकदम जाईल, तेही ऐन परागाच्या दिवसांत. म्हणून एकदाच विचारते. काकू रोज चहा घेत होत्या?"

"रोज घेत होती," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली. त्या उठायला लागल्या. पण इराचा धंदाच शब्दांचा. तिची जीभ अडखळत होती, कान नाही.

"बाबा," ती म्हणाली, "घेत होती, की... पीत होती?"

मला वाटलं, आता खोटं बोलावं. एका शब्दाचं तर काम होतं. पण लाखो माणसांचा कप त्या शब्दावर होता, आणि इरा माझ्याकडं बघत होती. मी दोघींना बाल्कनीत नेलं. इरा भिंतीला धरून आली. कढीपत्त्याच्या कुंडीत मातीवर पिवळ्या पाकळ्यांचा थर साचून वाळला होता, वरचा नवा, खालचा कुजलेला.

"तू घरी येईपर्यंत तिनं चहा सोडला होता," मी म्हणालो. "मला वाटलं, आल्याचा. तिनं दोन्ही सोडले."

"पण हा चहा नाही," इरा म्हणाली. "हे तर औषध—"

आणि ती तिथंच थांबली.   रेवती एकादशीला, चतुर्थीला, कडक उपासातही रक्तदाबाची गोळी घ्यायची. औषधाला देवाची हरकत नसते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण फलकावर चहा लिहिलं होतं, लेकीनं लिहिलं होतं, आणि देवीपुढं चहा सोडते म्हटल्यावर रेवती पळवाट काढणारी बाई नव्हती.

डॉ. पटवेकरांनी पाकळ्या पिशवीत घेतल्या. जाताना इराला म्हणाल्या, "तुझा डोस चुकवू नकोस. तुझ्या फुप्फुसांना दुसरा झटका सोसणार नाही."

लोकांचा चहा चालू राहिला. इरानं तिचा बंद केला.

मी समजावलं, रागावलो, आईची शपथ घातली. "आईनं जे सोडलं ते वाया घालवतेस," असंही म्हणालो. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. म्हणायची, "तो शब्द... घशाखाली उतरत नाही, बाबा." बाहेर गवत पांढऱ्या फुलांनी फुललं होतं. मी खिडक्यांच्या फटी ओल्या फडक्यांनी बंद केल्या, पण हवेला फडकं कुठवर अडवणार? बायको गेली होती, आता पोरगी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मला भीती वाटत होती आणि तिचा भयंकर रागही येत होता.

मग एका सकाळी मी बाईपुढं गेलोच नाही. इराच्या फोनवर निरोप वाजला, तिनंच कधीकाळी लिहिलेला, 'तुमच्या बाबांनी आज चहा घेतला नाही. जरा विचारता का?'

ती लंगडत माझ्या खोलीत आली. "हे काय?"

"नवस," मी म्हणालो. "तू प्यायला लागेपर्यंत मी चहा सोडलाय."

"तुम्ही कुठं... देव मानता?"

"म्हणून तर तुला सांगून सोडतोय. तुझ्या आईनं न सांगता सोडला. मी सांगून."

"बाबा, हे ब्लॅकमेल आहे."

"नवस म्हणजे दुसरं काय असतं?"

ती चिडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप वाजला, तिसऱ्या दिवशीही वाजला. ती फोन उशीखाली दाबायची. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. मी भात लावायचो, ती अर्धा टाकायची. आठवडा उलटून गेला. मला शिंका सुरू झाल्या, मग पायऱ्या चढताना धाप लागू लागली. मी माझ्या खोलीच्या खिडकीची फडकी काढून टाकली. ती बघत राहिली.

एकदा जेवताना तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. कितीही झालं तरी चष्मेवाल्याची पोर.

"डोळे लाल झालेत तुमचे."

"रडून."

"रडून नाही," ती म्हणाली, आणि तिच्या हातातला घास ताटात पडला. आईचे लाल डोळे तिनंही बघितले असणार, हॉस्पिटलच्या खाटेवरून. ती हमसून हमसून रडली. मीही रडलो. रेवती गेल्यापासून आम्ही एकत्र रडलो नव्हतो.

मग ती उठली, भिंतीच्या आधारानं ओट्यापाशी गेली आणि अंगठा टेकवला. तिचाही खाडा झाला होता. बाईंनी तिच्या चमच्यात एक थेंब टाकला.

"आजचा चहा घेतला का?"

इरानं चमचा तोंडात घातला. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. घोट खाली उतरला.

"प्यायले," ती म्हणाली.

"माफ करा, समजलं नाही. घेतला, की नाही घेतला?"

"प्यायले," इरा म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं.

मग ती बाजूला सरली आणि मी अंगठा टेकवला. मला काही सांगावं लागलं नाही. किती दिवस प्यायलो नाही ते बाईंना माहीत होतं. त्यांनी माझ्याही चमच्यात एक थेंब टाकला.